कपाटाचं दार उघडलं की आपोआप लागणारा दिवा कसा बसवावा?

उंबरठा
नमस्कार मंडळी. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये प्लायचा वॉर्डरोब आहे. आठ फूट रुंद, सात फूट उंच, दोन फूट खोल. तीन खण आहेत: डावीकडे कपडे टांगायचा, मधे फळ्यांचा आणि उजवीकडे आईच्या साड्यांचा. प्रत्येक खणाला दोन शटर. शिवाय आईचं जुनं लोखंडी कपाट आहे. ते ती काही केल्या सोडणार नाही, आणि सोडावं असं मलाही वाटत नाही.

खोलीतली ट्यूब बाजूच्या भिंतीवर आहे, त्यामुळे दार उघडून उभं राहिलं की आपलीच सावली आत पडते. आईची सत्तरी उलटली आहे. एका हातात मोबाइलचा टॉर्च धरून दुसऱ्या हाताने ती साडी ओढते आणि वरची चळत खाली येते. दार उघडलं की लागेल आणि लावलं की विझेल असा दिवा हवाय. बटण शोधायला नको, चार्जिंगची आठवण ठेवायला नको.

वॉर्डरोबच्या डाव्या अंगाला भिंतीवर ५ अँपिअरचा सॉकेट आहे. वर छतापर्यंत दीड फूट जागा मोकळी आहे. सेन्सर घ्यावा की फ्रिजमध्ये असतं तसं दाबाचं बटण? २३० व्होल्ट आत न्यावेत का? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

फेज_न्यूट्रल
आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: २३० व्होल्ट कपाटात नेऊ नका. कपाटात सुती, रेशमी, लोकरी कपडे ठासून भरलेले असतात, हॅंगर वायरीला घासतात, खिळे आणि स्क्रू कुठे मारले जातील याचा नेम नसतो. १२ व्होल्टची एलईडी पट्टी वापरा. तिचा ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा डबा (दुकानात एसएमपीएसही म्हणतात), वॉर्डरोबच्या वर मोकळ्या हवेत ठेवा, कपाटात फक्त १२ व्होल्टची वायर उतरू द्या. चुकून हात लागला तरी झटका बसत नाही. शॉर्ट होऊन ठिणगी मात्र १२ व्होल्टलाही पडते, म्हणून पट्टीच्या बाजूला योग्य क्षमतेचा फ्यूज घालाच.

आता उघडझाप ओळखायचे प्रकार.

पहिला, दाबाचा डोअर स्विच. हार्डवेअरच्या दुकानात वॉर्डरोब स्विच म्हणून मिळतो. दार बंद असताना दांडी आत दाबलेली राहते आणि सर्किट तुटतं, दार उघडलं की दांडी बाहेर येते आणि सर्किट जुळतं. साधा आणि टिकाऊ. दांडी आणि दार यांचं माप मात्र नेमकं जुळावं लागतं.

दुसरा, चुंबकाचा. त्याला रीड स्विच म्हणतात. काचेच्या बारीक नळीत दोन पात्या असतात, चुंबक जवळ आला की त्या चिकटतात. चोरांसाठी दाराला अलार्म लावतात त्यात हाच असतो. इथे नीट बघून घ्या: अलार्मचा साधा रीड चुंबक जवळ असताना *जुळतो*. तो थेट पट्टीला जोडला तर दार लावल्यावर दिवा लागेल आणि उघडल्यावर विझेल. आपल्याला उलटा हवा. तीन वायरींचा घेतला तर दोन्ही सोयी मिळतात.

तिसरा, इन्फ्रारेड सेन्सर. तो अदृश्य किरण सोडतो, समोर पाच-सात सेंटिमीटरवर दार असलं की किरण परततात आणि दिवा बंद राहतो. दिसायला सर्वांत नीटनेटका, कारण १२-१४ मिलिमीटरच्या भोकात बसतो. बऱ्याच मॉडेलना छोटी खिट्टी असते, 'दार' आणि 'हात हलवा' अशा दोन रीती निवडायला. ती 'दार'वर आहे ना, हे बसवण्याआधीच पाहा.

चौथा, माणसाची हालचाल ओळखणारा पीआयआर. लाकडातून किंवा काचेतून त्याला दिसत नाही, म्हणून बंद कपाटात तो उगाच लागत नाही. पण दार उघडून तुम्ही विचार करत स्थिर उभे राहिलात की ठरलेल्या सेकंदांनी विझतो. तुमच्या आईंसाठी हा नको.

चंदेरी
एवढा खटाटोप कशाला? बिजागरीवर बसणारे छोटे दिवे मिळतात की, दहा-दहाच्या पाकिटात. दार उघडलं की लागतात. वायर नाही, ड्रायव्हर नाही.

मीटर_रीडिंग
चंदेरीताई, त्या दिव्यांचं गणित मांडून बघा. आत १२ व्होल्टचा करंगळीपेक्षा लहान सेल असतो, २३ए म्हणतात त्याला. त्याची क्षमता साधारण ५५ मिलिअँपिअर-तास. दिवा पाव वॅटचा, म्हणजे सुमारे २० मिलिअँपिअर ओढणार. सगळा मिळून तीन तासांच्या आतच उजेड. दिवसातून दहा मिनिटं दार उघडं राहिलं तर पंधरवड्यात सेल मंदावतो. स्वयंपाकघरातल्या क्वचित उघडणाऱ्या कप्प्याला ते ठीक आहेत, रोजच्या वॉर्डरोबला नाहीत. आणि पाव वॅटात साड्यांच्या खणाचा तळ दिसत नाही.

चंदेरी
हे माहीत नव्हतं, आभार. आमच्याकडे ते का टिकत नाहीत याचा उलगडा झाला.

रंधा
सुतारकाम हा माझा पिढीजात व्यवसाय, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. सेन्सर कोणता, यावर सगळे बोलतात. दिवा कुठे बसवायचा, यावर कोणी बोलत नाही, आणि काम तिथेच बिघडतं.

बहुतेक जण पट्टी खणाच्या छताला चिकटवून मोकळे होतात. टांगायच्या खणात त्याने फक्त हॅंगर आणि कपड्यांचे खांदे उजळतात. फळ्यांच्या खणात वरची फळी झगमगते आणि तिच्याखाली अंधार, कारण फळी उजेड अडवते. मागच्या पाटाला लावली तर उजेड थेट डोळ्यांत येतो आणि कपड्यांची पुढची बाजू, जी बघायची असते, तीच काळी पडते.

पट्टी उभी लावायची. बाजूच्या पाटावर, पुढच्या कडेपासून दीड-दोन इंच आत, वरपासून खालपर्यंत, तोंड आतल्या बाजूला तिरपं करून. तिरप्या बसणाऱ्या ४५ अंशांच्या अॅल्युमिनियम पट्ट्या मिळतात, त्यात एलईडी घालायची आणि वरून दुधी कव्हर सरकवायचं. अशाने प्रत्येक फळीला पुढून उजेड मिळतो आणि समोर उभ्या माणसाच्या डोळ्यांवर येत नाही. फळ्या बाजूच्या पाटाला अगदी पुढच्या कडेपर्यंत असतील तर पट्टी अडते. मग फळ्या पुढून पट्टी बसेल इतक्या मागे कापाव्या लागतात. सुताराला हे आधीच सांगा. नवा वॉर्डरोब करत असाल तर पाटातच राऊटरने (लाकडात खाच पाडायच्या यंत्राने) खाच मारून घ्या, पट्टी लाकडाच्या पातळीत बसते आणि साडीचा काठ अडकत नाही.

अॅल्युमिनियमचा खर्च वाचवू नका. पट्टीची उष्णता तेच बाहेर टाकतं. नुसती पट्टी सनमायकाला चिकटवली तर मागचा गोंद काही महिन्यांत सुटतो आणि पट्टी कपड्यांवर लोंबते. असे लोंबते वॉर्डरोब दुरुस्त करायला मला बोलावणी येतात.

उंबरठा
रंधा दादा, हे फार मोलाचं सांगितलंत. आमच्या फळ्या पुढच्या कडेपासून दोन इंच मागे आहेत, म्हणजे उभी पट्टी बसेल. किती वॅटची घ्यावी?

फेज_न्यूट्रल
पट्टीवर मीटरमागे किती एलईडी आहेत ते बघा. मीटरला ६० असलेली साधारण ४.८ वॅटची, १२० असलेली ९.६ वॅटची. कपाटाला पहिली पुरते. दुधी कव्हरमधून ठिपके दिसतात असं कोणाला वाटलं तर दुसरी घ्या.

तुमच्या बाजूच्या खणांना प्रत्येकी दोन पट्ट्या, मधल्याला एक. प्रत्येक पट्टी २ मीटरची धरली तर एकूण १० मीटर, म्हणजे ४८ वॅट. ड्रायव्हर पाचवा हिस्सा तरी मोठा घ्यावा, तर १२ व्होल्ट ५ अँपिअर, ६० वॅटचा घ्या. त्यावर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) नोंदणीची खूण असू द्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत बिनखुणेचेही भरपूर मिळतात आणि स्वस्त असतात, त्यांच्यावर लिहिलेले अँपिअर ते देतीलच याची खात्री नसते.

१२ व्होल्टची पट्टी दर तीन एलईडींनंतर कापता येते, तांब्याच्या ठिपक्यांवर कात्रीची खूण असते. मधेच कापली तर तो तीनचा तुकडा जातो. ५ मीटरची अख्खी पट्टी एका टोकाकडून जोडू नका, शेवटाला उजेड फिका पडतो. प्रत्येक २ मीटरला ड्रायव्हरपासून वेगळी वायर द्या.

मीटर_रीडिंग
एका बाबतीत फेज_न्यूट्रल यांच्याशी असहमत. १२ व्होल्टच्या बाजूला स्विच ठेवला तर ड्रायव्हर चोवीस तास चालू राहतो. काही न करता तो अर्धा वॅट खातो असं धरा, वर्षाला ४.४ युनिट झाले. आणि प्रत्यक्ष दिवा? एका खणाचे १९ वॅट, रोज पंधरा मिनिटं, वर्षाला पावणेदोन युनिट. म्हणजे दिव्यापेक्षा ड्रायव्हरचं बसून खाणं जास्त! स्विच २३० व्होल्टच्या बाजूला घातला तर हे वाचतं.

फेज_न्यूट्रल
गणित बरोबर आहे, आणि तरीही मी १२ व्होल्टच्या बाजूलाच घालीन. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाचे ४५ रुपये होतात. तेवढ्यासाठी साड्यांच्या खणात २३० व्होल्टचे टर्मिनल नकोत. दुसरं, ड्रायव्हर चालू होताना क्षणभर मोठा झटका ओढतो. रीडच्या बारीक पात्या त्याने चिकटून बसतात. तिसरं, इथे तीन खण आहेत आणि ड्रायव्हर एकच. खणागणिक दिवा हवा असेल तर स्विच पट्टीच्या बाजूलाच लागणार. गावाला जाताना भिंतीवरचं बटण बंद करून जा, झालं.

मीटर_रीडिंग
तीन खणांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य.

पदर
कोणी रंगाबद्दल बोललंच नाही! साड्यांचं कपाट आहे हो. दुकानदार विचारतो, 'वॉर्म की व्हाइट?' आणि आपण काहीतरी सांगून मोकळ्या होतो.

मी साड्या विकते, रोज रंगांशी गाठ असते. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड पडला की साडीची जर चांदीसारखी फिकट दिसते आणि अबोली रंग मरतो. ३००० केल्विनच्या पिवळ्या उजेडात जर सोन्यासारखी खुलते, पण वांगी, गर्द निळा आणि काळा यांत फरकच कळत नाही. संक्रांतीला काळी म्हणून काढलेली साडी बाहेर उन्हात गर्द निळी निघते. मोरपंखी आणि बाटली हिरवा यांचंही तेच. ४००० केल्विन घ्या.

त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे सीआरआय, त्याच छटेच्या आदर्श उजेडाच्या तुलनेत रंग किती खरा दिसतो त्याचं माप. साध्या पट्टीचा ८०च्या आसपास असतो, मागून ९०च्या वरचा घ्या. जमलं तर आर९ हा गडद लाल रंगाचा आकडाही विचारा. कुंकवी, डाळिंबी, राणी, मरून या सगळ्यांचा जीव त्यात आहे. पैठणीच्या पदरावरचे लाल-हिरवे मोर त्या उजेडात जसे उठून दिसतात तसे साध्या पट्टीत दिसत नाहीत.

आणि हो, रेशमाचा रंग सतत उजेड लागला की उडतो. एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतात, तरी दार लावल्यावर विझणारा दिवा हेच रेशमासाठी योग्य. साड्या मलमलच्या फडक्यात ठेवा. डांबराच्या गोळ्या पट्टीच्या प्लास्टिक कव्हरला टेकवून ठेवू नका, काही प्लास्टिकं त्यांनी मऊ पडतात.

चंदेरी
पदर ताई, वांगी आणि काळ्याचं अगदी अगदी! नवऱ्याच्या मोज्यांचंही हेच, एक काळा एक निळा.

कोकणकडा
आमचं घर देवगडजवळ. पावसाळ्यात कपाटात बुरशी येते म्हणून वडील कपाटात झिरोचा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवायचे. कॅमेरा आणि दुर्बिणीच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणूनही लोक हेच करतात. एलईडी पट्टीने ते काम होईल का?

फेज_न्यूट्रल
नाही होणार. तो जुना तारेचा झिरोचा बल्ब नावालाच झिरो, तो १२ ते १५ वॅट घेतो आणि त्यातली बहुतेक वीज उष्णता होते. त्या उबेनेच कपाट कोरडं राहायचं. एलईडी पट्टी तेवढी उष्णता देत नाही, शिवाय ती दार उघडं असतानाच लागते. ओल घालवायला सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ऊन पडलं की दारं उघडी टाका. तो बल्ब मात्र काढून टाका. कपडा सरकून गरम काचेवर पडला आणि तासन्‌तास तिथेच राहिला तर तो करपतो, पेटूही शकतो. महिन्याला नऊ ते अकरा युनिट जातात ते वेगळंच.

समुद्राजवळ आहात तर सिलिकॉनचा थर दिलेली पट्टी घ्या, आयपी६५ लिहिलेली. उघड्या पट्टीचे तांब्याचे ठिपके खाऱ्या हवेने हिरवे पडतात आणि जोड सुटतात. कापलेल्या टोकाला सिलिकॉन लावायला विसरू नका.

कोकणकडा
आणि उंदरांचं काय? आमच्याकडे माळ्यावरची एक वायर शाबूत नाही.

रंधा
वायर उघडी सोडायचीच नाही. पीव्हीसीची केसिंग पट्टी किंवा पाइप. वॉर्डरोबच्या वरच्या पाटात वायरीसाठी भोक पाडाल ते वायरीपुरतंच पाडा आणि उरलेली फट सिलिकॉनने बुजवा. मोठं भोक म्हणजे उंदराला कपाटाचं दार.

उंबरठा
आज बाजारात जाऊन आले. इन्फ्रारेड सेन्सर घेऊन घरी टेबलावर जोडून बघितला. पांढऱ्या कागदासमोर छान चालतो. पण आमच्या शटरचा आतला सनमायका काळसर, मॅट आहे. त्याच्यासमोर धरला की कधी विझतो, कधी नाही. आता?

फेज_न्यूट्रल
काळी मॅट लॅमिनेट किरण पिऊन टाकतात, परत येतच नाहीत. सेन्सरसमोर दारावर पांढऱ्या चिकटपट्टीचा रुपयाएवढा गोल लावा, चालेल. तो दिसायला नको असेल तर रीड वापरा. मात्र साधा रीड अर्धा अँपिअर सोसतो आणि तुमचा एक खण १.६ अँपिअर घेतो. थेट जोडता येणार नाही.

सोल्डर_आणि_तार
इथे माझा लाडका उपाय: मॉसफेट, म्हणजे रीडच्या बारीकशा इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच. आयआरएफझेड४४एन हा भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत सहज मिळतो. यात साधा अलार्मवाला दोन वायरींचा रीडच लागतो, उलट्या प्रकाराचा शोधावा लागत नाही.

जोडणी अशी. ड्रायव्हरचा प्लस थेट पट्टीच्या प्लसला. पट्टीचा मायनस मॉसफेटच्या मधल्या पायाला, त्याला ड्रेन म्हणतात. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावा पाय गेट आणि उजवा सोर्स. सोर्स ड्रायव्हरच्या मायनसला. गेट आणि प्लस यांच्यामध्ये १०० किलो-ओहमचा रेझिस्टर. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये रीड.

दार बंद असताना चुंबक जवळ, रीड जुळलेला, गेट मायनसला बांधलेलं, पट्टी बंद. दार उघडलं की रीड सुटतो, रेझिस्टरमधून गेटला १२ व्होल्ट मिळतात, पट्टी लागते. रीडमधून जाणारा प्रवाह ०.१२ मिलिअँपिअर, पात्या कितीही वर्षं चालतील. १.६ अँपिअरला मॉसफेट कोमटसुद्धा होत नाही, हीटसिंक नको.

एका खणाला दोन शटर असतील तर दोन रीड *एकामागे एक* जोडा. दोन्ही दारं लागलेली असतील तरच गेट बांधलेलं राहतं, कोणतंही एक उघडलं की दिवा लागतो. दाबाचे स्विच वापरणाऱ्यांनी उलट करायचं, ते *समांतर* जोडायचे.

दोन इशारे. २४ व्होल्टच्या पट्टीला ही जोडणी जशीच्या तशी करू नका, या मॉसफेटचं गेट २० व्होल्टच्या वर सोसत नाही. त्याच्या पाठीचा धातूचा पत्रा आतून ड्रेनला जोडलेला असतो, म्हणून हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) चढवा. लोखंडी कपाटाला तो टेकला तर दिवा मनाला येईल तेव्हा लागू शकतो.

उंबरठा
लोखंडी कपाटाचा विषय निघालाच तर तेही सांगा. तिथेही हेच करू का?

सोल्डर_आणि_तार
रीड थेट पत्र्यावर बसवला तर चुंबकाचा जोर पत्रा ओढून घेतो आणि रीडपर्यंत पोचत नाही. मधे पाच-दहा मिलिमीटरचा लाकडी किंवा प्लास्टिकचा तुकडा घालावा लागतो. तरीही दर कपाटागणिक वेगळा अनुभव येतो.

फेज_न्यूट्रल
लोखंडी कपाटाला मी भोकच पाडू नका म्हणेन. वायर पत्र्याच्या धारेवर कापते. पाडलंच तर रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर घालू नका. तिथे चार्जिंगचा चुंबकी दिवा चांगला, पत्र्याला आपसूक चिकटतो.

भाडेकरू_दादर
हो, मी तोच वापरतो. भाड्याच्या घरात भोक पाडायची परवानगी नाही. हालचालीवर लागणारा घेतलाय, वरच्या कडेला आतून चिकटवलाय. हात पुढे केला की लागतो. लिहिलेला वेळ संपला की विझतो, पुन्हा हात हलवावा लागतो. लॉकर उघडून कागद वाचताना ते नकोसं होतं. नेहमी चालू ठेवायची खिट्टी असलेला घ्या, उंबरठा ताई.

पदर
आईंच्या डोळ्यांविषयी एक. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या माणसाच्या तुलनेत एक तृतीयांशच उजेड पडद्यापर्यंत पोचतो असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाहुली लहान होते आणि भिंग पिवळं पडतं म्हणून. आपल्याला पुरेसा वाटणारा उजेड त्यांना पुरेलच असं नाही. विकत घ्यायच्या आधी पट्टी त्यांच्यासमोर लावून दाखवा.

उंबरठा
दाखवली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ४.८ वॅटची पट्टी दुधी कव्हरखाली तिला मंद वाटली. तिच्या खणासाठी ९.६ वॅटची, ४००० केल्विन, सीआरआय ९० वरची घेतली. बाकी दोन खणांना साधीच. हिशोब केला: ३८ आणि २९ मिळून ६७ वॅट. म्हणून ड्रायव्हर ६० ऐवजी १०० वॅटचा.

उंबरठा
काम झालं, लिहायचं राहिलं होतं. सुतारकाकांनी बाजूच्या पाटांना तिरप्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या. ड्रायव्हर वॉर्डरोबच्या वर, भिंतीपासून चार बोटं सोडून, लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर, म्हणजे खालूनही हवा लागते. तिथून प्रत्येक खणाला वेगळी वायर, केसिंगमधून. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने मॉसफेटच्या तीन जोडण्या छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत करून दिल्या आणि प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावली: 'टांगायचा', 'फळ्या', 'आजी'.

आई दोन्ही हातांनी चळत उचलते आणि खालची साडी काढते. तिने खणातल्या सगळ्या साड्या रंगाप्रमाणे पुन्हा लावल्या, चिंतामणी आणि मोरपंखी आता वेगळ्या चळतीत आहेत. लोखंडी कपाटात चुंबकी दिवा लावला.

एक अडचण उरली. टांगायच्या खणाचं डावं शटर पावसाळ्यात फुगतं, कडेला बोटभर फट राहते. तेव्हा दिवा बंद होत नाही.

रंधा
रीड शटरच्या मोकळ्या कडेला लावलाय का? बिजागरीकडे सरकवा. कडेला बोटभर फट असली तरी बिजागरीजवळ ती दोन-तीन मिलिमीटरच असते, आणि रीड तेवढी सहज धरून घेतो. सोबत बिजागरीच्या स्क्रूने शटर थोडं आत घ्या. ऑटो हिंजला दोन स्क्रू असतात, मागचा सैल करून शटर पुढे-मागे होतं. पाऊस संपला की कडा रंधून पुन्हा बीडिंग लावा, पाणी तिथूनच शिरतंय.

उंबरठा
सरकवला, आता बरोबर विझतो. सगळ्यांचे मनापासून आभार.

भाडेकरू_दादर
नव्या घरात दोन सरकती शटर असलेला वॉर्डरोब आहे, तिथे हे कसं जमेल? घरमालक भोकं पाडू देतोय.

फेज_न्यूट्रल
दोन शटर असतील तर बंद असताना प्रत्येक शटर आपापल्या बाजूच्या पाटाला टेकतं. तिथेच, पाटात, शटरच्या कडेकडे बघणारा सेन्सर बसवा, दोन्ही बाजूंना एकेक. दोन डोळ्यांचा इन्फ्रारेड सेन्सर एकाच डब्यासोबत मिळतो, तो घेतलात तर वेगळी जोडणी करावी लागत नाही. शटर तीन असतील तर मधलं कोणत्याच पाटाला टेकत नाही, तिथे पीआयआर बरा. वायर शटरवरून किंवा खालच्या चॅनलमधून नेऊ नका, सरकताना घासून तुटते. बाजूच्या पाटाने सरळ वर न्या.